घडीचे आसन

दिवाळीच्या आधी प्रत्येक घरात माळा उतरवण्याचा एक दिवस येतो. घरच्या बाईने डोक्याला फडके बांधले की पुरुषांनी निमूटपणे शिडी धरावी, असा शिरस्ता आहे. आमच्या बिडकीनच्या घरचा माळा असाच एकदा उतरला. मोडक्या समया, झाकण हरवलेले डबे आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे यांच्या तळाशी दोन वस्तू निघाल्या. एक होती रक्तचंदनाची बाहुली. कोणाला मुका मार लागला, सूज आली की ती सहाणेवर उगाळायची. चार पिढ्यांच्या सुजा उतरवता उतरवता तिचे स्वतःचे नाक-डोळे झिजून गेले होते. दुसरी होती पोथी ठेवण्याची ठवणी. एकाच फळीतून कोरून काढलेली, कुठे खिळा नाही, कुठे सरस नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की पुन्हा एक फळी. मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी कुराण ठेवायला हीच वस्तू असते. ते तिला रिहल म्हणतात.

भंगारवाला दारात उभाच होता. बाहुलीकडे त्याने पाहिलेही नाही. ठवणी हातात घेतली, एकदा उघडली, एकदा मिटली आणि म्हणाला, "लोखंड नाही, पितळ नाही. हिचं काय करू, काका?"

बाजाराच्या दृष्टीने त्याचा प्रश्न रास्तच होता. पण जगाचा बाजार मोठा विलक्षण आहे. इ. स. २०२२ मध्ये हाँगकाँगच्या एका लिलावात मिंग राजवटीतील एक घडीची लाकडी खुर्ची बारा कोटींहून अधिक हाँगकाँग डॉलरला विकली गेली. आपल्या रुपयांत ही रक्कम शंभर कोटींच्या वर जाते. त्या खुर्चीत सोने नव्हते, हिरे नव्हते. होते ते एक कठीण लाकूड आणि फुलीसारखी एक घडी. म्हणजे आमच्या माळ्यावरच्या बाहुलीचे आणि ठवणीचेच गोत्र! हे गोत्र जुळवून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आणि ते जुळवताना आपल्याला चीनपर्यंत जावे लागले तरी परत यायचे आहे ते घरीच.

घडीचे आसन ही वस्तू तशी कोणाला अपरिचित नाही. आमच्या आठवडी बाजारात गाठोडे घेऊन येणारा विक्रेता बगलेतून कापडी बैठकीचे स्टूल काढतो, फटकन उघडतो आणि त्यावर बसून दिवसभर धंदा करतो. चिनी सुताराचे जुने आसन मुळात याच जातीचे. त्यात अवघ्या आठ काठ्या: दोन वर बैठकीला, दोन खाली जमिनीला आणि चार पायांच्या. पायांच्या जोड्या मध्यावर एकमेकींना छेदतात आणि तिथे धातूची खीळ बसवलेली असते. बैठक दोरीची वा चामड्याची, त्यामुळे तीही पायांबरोबर मिटते. माणूस बसला की त्याचेच वजन पायांना बाहेर रेटते आणि ताणलेली बैठक त्यांना आत ओढून धरते. बसणाराच आपले आसन घट्ट करतो, अशी ही युक्ती आहे. चिनी भाषेत या आसनाला 'ज्याओ-वू' म्हणतात. 'ज्याओ' म्हणजे एकमेकांना छेदणारे.

मौज अशी की, हे आसन चीनचे नव्हेच. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची समाधी १९२२ मध्ये उघडली, तेव्हा तिच्यात घडीची आसने सापडली. त्यांतल्या एकाचे पाय बदकाच्या माना-चोचींच्या आकाराचे आहेत. ते आज सव्वातीन हजार वर्षांहून जुने आहे. रोमच्या राज्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांना घडीच्या आसनावर बसण्याचा खास मान होता. तेच आसन मध्य आशियातल्या घोडेस्वार टोळ्यांबरोबर पूर्वेकडे सरकत गेले. ज्याचे घर घोड्याच्या पाठीवर, त्याला मिटून खोगिराला बांधता येईल असेच आसन सोयीचे.

हान वंशातला लिंग नावाचा बादशहा इ. स. १६८ ते १८९ या काळात चीनच्या गादीवर होता. त्याला परक्यांच्या चालीरीतींचे भारी वेड. परक्यांचा पोशाख, परक्यांचे खाणे, परक्यांचे संगीत आणि परक्यांचे हे आसन त्याने दरबारात आणले. चिनी लोक तोवर आपल्यासारखेच जमिनीवर चटई अंथरून बसत. त्यांनी या नव्या वस्तूला 'हू-च्वांग', म्हणजे परक्या लोकांची बैठक, असे नाव दिले. राजधानीतल्या उमरावांनी अर्थातच बादशहाचे अनुकरण केले.

पुढे ते आसन सेनापतींचे झाले. इ. स. २११ मध्ये प्रसिद्ध सेनानी त्साओ त्साओ नदी ओलांडत होता. सैन्य पलीकडे गेलेले, आणि स्वतः तो थोड्याशा शरीररक्षकांसह अलीकडच्या काठावर. तेवढ्यात शत्रूचे हजारो स्वार चालून आले. बाण पडू लागले, तरी हा आपल्या घडीच्या आसनावरून उठेना! अखेर त्याच्या सरदारांनी त्याला ओढून नावेत घातले. चिनी इतिहासातले हे बहुधा सर्वांत धोक्याचे बसणे असावे.

आणखी चारशे वर्षांनी सुई वंशातल्या यांग बादशहाला 'हू', म्हणजे परका, हा शब्दच नकोसा झाला. त्याने 'हू-च्वांग'चे नाव बदलून 'ज्याओ-च्वांग' केले. त्याच झपाट्यात काकडीच्या नावातलाही 'हू' गेला आणि ती 'पिवळी फळभाजी' झाली. नाव बदलले, वस्तू राहिली. काकडीही राहिली.

इथवर भारताचा संबंध आला नाही. तो आता येतो, आणि आमच्या जिल्ह्यातूनच येतो.

वेरूळचे दहावे लेणे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, आणि सुतार मंडळी त्याला विश्वकर्म्याचे स्थान मानून हात जोडतात. नाव अगदी सार्थ आहे, कारण छताला दगडातूनच लाकडी तुळयांसारख्या कमानी कोरलेल्या आहेत. त्या कमानींखाली सातव्या शतकातला भव्य बुद्ध बसला आहे. मांडी घालून नव्हे. उंच आसनावर, दोन्ही पाय खाली सोडून, आपण आज खुर्चीवर बसतो तसा. या बसण्याला प्रलंबपाद म्हणतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात आणि संभाजीनगरच्या, जुन्या औरंगाबादच्या, लेण्यांतही असे बुद्ध आहेत. भारतातून चीनकडे बुद्धाच्या मूर्ती आणि चित्रे गेली, त्यांच्याबरोबर पाय खाली सोडून बसण्याची ही रीतही गेली. देवच असा बसतो म्हटल्यावर त्यात असभ्य ते काय उरले?

ईत्सिंग नावाचा चिनी भिक्षू इ. स. ६७१ मध्ये भारताकडे निघाला आणि नालंदेत राहून ६९५ मध्ये मायदेशी परतला. इथल्या मठांतल्या आचाराविषयी त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. भारतातले भिक्षू जेवताना मांडी घालून रुंद बाकांवर बसत नाहीत, तर छोट्या आसनांवर पाय जमिनीला टेकवून बसतात, असे तो सांगतो. त्या आसनाचे मापही देतो: उंची सात इंच, बैठक फूटभर चौरस, वेताने विणलेली, पाय गोल, वजनाला हलके. आपल्या देशातल्या भिक्षूंनी हे पाहून शिकावे, असा त्याचा आग्रह होता. वेताचा मोढा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वर्णन वाचून हसू येईल. सातव्या शतकातला हा परदेशी विद्वान आमच्या मोढ्याची जणू शिफारस करतो आहे!

पश्चिमेकडून घोडेस्वारांची घडी आणि भारताकडून मठातले उंच बसणे, अशा दोन वाटांनी चिनी माणूस हळूहळू जमिनीवरून उठला. सुंग राजवटीपर्यंत, म्हणजे आपल्याकडे यादवांचे राज्य होते त्या सुमारास, खुर्ची-मेज चिनी घरात रुळले होते. घडीच्या आसनाला पाठ आणि हात बसवून घडीची खुर्ची झाली. ती शिकारीला, प्रवासाला, छावणीत धन्याबरोबर जाई. नोकर ती खांद्यावर टाकून मागून चालत. सभेतली पहिली खुर्ची मुख्याची. त्यामुळे आजही चिनी भाषेत 'पहिल्या घडीच्या खुर्चीवर बसणे' म्हणजे सर्वांत वरचे स्थान मिळवणे.

आपल्याकडे 'खुर्ची' या अरबी वळणाच्या शब्दाला नेमका हाच अर्थ चिकटला. खुर्ची मिळणे, खुर्चीला चिकटणे, खुर्ची जाणे, हे वाक्प्रचार निवडणुकीच्या दिवसांत मुलांच्याही तोंडी असतात. पण ती आपल्याकडे आली किती उशिरा! पाट, चौरंग, घोंगडी, गादी-लोड ही आपली आसने. १७९० मध्ये पेशव्यांशी इंग्रजांचा टिपूविरुद्ध तह झाला. त्या दरबाराचे एक मोठे चित्र थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये पुरे केले. त्यात सवाई माधवराव गादीवर आहेत, आणि इंग्रजांचा वकील मॅलेट, तंग विजारीनिशी, बिछायतीवरच बसला आहे. खुर्ची कुठे नाही.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथेही इंग्रज रेसिडेंट जोडे बाहेर काढून गालिच्यावर बसत. १८६९ मध्ये अफझलुद्दौला निजाम वारला आणि अडीच-तीन वर्षांचा महबूब अली खान गादीवर आला. संधी साधून रेसिडेंट साँडर्सने आग्रह धरला की, यापुढे आम्ही जोड्यांसह आणि खुर्चीवर बसणार. तसेच झाले. मूल गादीवर आणि साहेब खुर्चीवर! एक लढाई न होता सत्तेची उंची हातभर बदलली. आसन म्हणजे नुसते लाकूड नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

तरी लाकडाकडे वळलेच पाहिजे, कारण खरी नातीगोती तिथेच आहेत. १५६७ मध्ये मिंग बादशहाने समुद्रव्यापारावरची बंदी उठवली आणि दक्षिणेकडच्या बेटांतून कठीण, तुळतुळीत, सुवासिक लाकडे चिनी बंदरांत येऊ लागली. त्यांतले 'हुआंग-हुआली' हे मधाच्या रंगाचे लाकूड रसिकांच्या विशेष आवडीचे ठरले. ज्या घडीच्या आसनांसाठी आज लिलावात चढाओढ लागते, ती बहुतेक याच लाकडाची. हैनान बेटावर उगवणारे हे झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्या शिसवीच्या कुळातले. चुलत बहीणच म्हणा. आजोबांच्या शिसवी पलंगाला हात लावून पाहा, म्हणजे चिनी रसिक कशावर भाळला ते कळेल.

दुसरे लाकूड 'झी-तान'. रंग काळपट जांभळा, वजन एवढे की पाण्यात बुडावे. छिंग राजवटीत, विशेषतः अठराव्या शतकातल्या छ्येनलुंग बादशहाच्या काळात, सिंहासने आणि दरबारी सामान या लाकडाचे होई. चीन सरकारने २००० मध्ये मौल्यवान लाकडांची अधिकृत व्याख्या ठरवली, तीत झी-तान म्हणून जे झाड नमूद केले ते कोणते? आपले रक्तचंदन! तेच, जे निसर्गतः जगात फक्त आंध्रातल्या शेषाचलम, वेलिकोंडा यांसारख्या डोंगरांत आणि त्यांच्या आसपास उगवते. आपल्या 'चंदन' शब्दाचे चिनी बौद्ध ग्रंथांत 'झान-तान' झाले. त्यातल्या 'तान' याच अक्षराने झी-तानही लिहितात. म्हणजे बादशहाचे सिंहासन आणि आमच्या आजीची उगाळायची बाहुली, दोन्ही एकाच डोंगराची लेकरे. एक मानासाठी झिजले नाही, दुसरी दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी झिजून गेली.

आता संग्राहकांकडे येऊ. आज या लाकूडसामानाला राजाचा भाव असला तरी विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द चीनमध्ये त्याला फारसे कोणी विचारीत नव्हते. विद्वान चित्रांवर, अक्षरांवर, चिनी मातीच्या भांड्यांवर लिहीत. खुर्ची-स्टुलावर कोण लिहिणार? ते काम प्रथम हाती घेतले गुस्ताफ एके या जर्मन अध्यापकाने. तो पेकिंगला शिकवीत असे. महायुद्ध चालू असतानाच १९४४ मध्ये त्याने चिनी घरगुती लाकूडसामानावर मोजक्या दोनशे प्रतींचा ग्रंथ काढला. सांधा कसा बसतो, खुंटी कुठे लपते, हे त्यात मोजून-मापून दाखवलेले होते.

त्याच वाटेने वांग शिश्यांग पुढे गेला. सायकलीच्या मागे रुंद कॅरिअर बसवून, दोर आणि गोणपाट बरोबर घेऊन हा गृहस्थ पेकिंगच्या गल्ल्या आणि जुन्या बाजाराची दुकाने धुंडाळी. मोडकी खुर्ची, पाय गेलेले मेज, जे परवडेल ते बांधून घरी आणी. १९५० नंतरच्या चौकशांत त्याला कित्येक महिने अटकेत काढावे लागले, नोकरी गेली. सांस्कृतिक क्रांतीत त्याला दूर हूपे प्रांतात मजुरीला पाठवले. १९७६ च्या मोठ्या भूकंपानंतर छप्पर कोसळेल या भीतीने तो आपल्या मिंगकालीन कपाटातच झोपत असे, आणि मित्र त्यावर विनोद करीत. या सगळ्यातून त्याचे टिपण चालूच राहिले. त्याची पत्नी युआन छुआनयू हिने एकेका सांध्याच्या आकृत्या काढून दिल्या, आणि १९८५ मध्ये त्याचा महाग्रंथ हाँगकाँगला प्रसिद्ध झाला. घडीच्या आसनाला त्यात स्वतंत्र स्थान आहे.

त्या ग्रंथाचा परिणाम मात्र त्याच्या मनाविरुद्ध झाला. जगभरच्या धनिकांना समजले की ही वस्तू मोलाची आहे, आणि भाव भडकले. वांगने काय केले? १९९३ मध्ये आपला एकोणऐंशी वस्तूंचा संग्रह बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत दिला, अट एकच: घेणाऱ्याने एकही वस्तू घरी न ठेवता सर्व शांघायच्या संग्रहालयाला द्यावी. त्या आज तिथे आहेत.

ही हकिगत वाचताना मराठी माणसाला पुण्याची आठवण न होणे अशक्य. दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, यांचा जन्म १८९६ चा. योगायोग असा की गुस्ताफ एकेचाही त्याच वर्षाचा. केळकरांचे चष्म्यांचे दुकान होते. पण त्यांचे डोळे लागले होते दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, वज्र्या, दारांच्या चौकटी यांवर. म्हणजे जे आपण माळ्यावर टाकतो त्यावर. जुने वाडे मोडत होते, त्यांच्या ढिगाऱ्यांतून त्यांनी वस्तू उचलल्या. कमलाबाईंनी त्यांना संसारातून साथ दिली. बालवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले, आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू! एवढा पसारा जमवणारा गृहस्थ श्रीमंत नव्हता, हेच त्यातले सांगण्यासारखे.

श्रीमंत संग्राहकही आपल्याकडे झाले आणि त्यांचे ऋण मोठे आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेल्या चिनी-जपानी वस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. हैदराबादला तिसऱ्या सालारजंगाने आयुष्य आणि उत्पन्न संग्रहातच घातले. तो १९४९ मध्ये अविवाहित वारला, आणि १९५१ च्या डिसेंबरात त्याच्या देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. आमच्या भागातून हैदराबादला गेलेला माणूस तिथले वाजते घड्याळ पाहून येई आणि गावात महिनाभर त्याची नक्कल करी. तिथे चिनी सामानही आहे, आणि फ्रान्सच्या राजाने टिपूला दिलेल्या म्हणून सांगतात त्या हस्तिदंती खुर्च्याही.

तथापि हौसेची दुसरी बाजू न सांगता लेख संपवणे बरे नव्हे. जुन्या वस्तू संपल्या की नव्या घडवतात, आणि नव्यांसाठी नवे लाकूड लागते. चिनी बाजारात रक्तचंदनाला भाव आला तशी शेषाचलमच्या डोंगरात चोरटी तोड वाढली. हे झाड फार सावकाश वाढते. गाभ्याचा लाल रंग भरायला एक पिढी जाते. १९९५ पासून त्याचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आहे, तरी तस्करी थांबली नाही. ७ एप्रिल २०१५ या एकाच दिवशी त्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी वीस लाकूडतोडे मेले. मजुरीसाठी तमिळनाडूतून आलेली गरीब माणसे ती. ज्या दिवाणखान्यांसाठी ते लाकूड जायचे, ते त्यांनी स्वप्नातही पाहिले नसतील. वांग शिश्यांगने मोडकी खुर्ची वाचवली ती जतनासाठी. तिच्या नव्या नकलेसाठी झाडही जावे आणि माणूसही जावा, याला रसिकता म्हणता येणार नाही. जुने जपणे आणि नवे हपापणे, दोन्हींना आपण 'छंद' हाच एक शब्द वापरतो. एवढ्याने ती एक होत नाहीत.

असो. भंगारवाल्याला आम्ही तुटक्या समया दिल्या. ठवणी धुऊन-पुसून तिळाचे तेल लावून देवघरात आली. उघडली तेव्हा किंचित कुरकुरली, मग फुलीसारखी ठाम उभी राहिली. आमच्या गावावरून जाणारा रस्ता पैठणला, नाथांच्या गावी जातो. म्हणून तिच्यावर घरातले एकनाथी भागवत ठेवले. पोथीचे वजन पडले तशी तिची पकड आणखी घट्ट झाली.

बाहुली सहाणेशेजारी ठेवली आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी धाकट्या नातवाने अंगणात पडून गुडघा सुजवून घेतलाच. त्याची आजी उगाळायला बसली, जमिनीवर, पाटसुद्धा न घेता.